लांब्याला न झालेला कोट

मी वेटरचा काळा कोट. बोलावं की नको, असं बराच काळ मनात घोळत होतं. कपड्याचं कोण ऐकतं! शिवाय माझीच समज चुकीची असेल. तरी ऐकून घ्या.

एका मोठ्या हॉटेलसाठी मला शिवलं. जेवणाच्या हॉलच्या दाराशी, खुंटीवर माझी जागा. दाराच्या अलीकडे टेबलांपाशी राबायची ती उजळ रंगाची, इथलीच माणसं. पलीकडे मोरीत आणि चुलीपाशी डोंगरापलीकडून आलेली सावळी माणसं. असा नियम कुणी केलेला नव्हता. मालक म्हणत, "ज्याला जे जमतं, ते तो करतो." मलाही ते पटायचं. कोटाला काय, खांदा मिळाला की झालं.

मोरीत भांडी घासणाऱ्या एकाला उंचीमुळे सगळे लांब्या म्हणत. सोड्याच्या पाण्याने त्याच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. हात कोरडे ठेवा, नाहीतर बोटं कामातून जातील, असं डॉक्टरने बजावलं होतं. त्याची बायको तिथेच भाज्या चिरायची.

"अहो, बाहेरचं काम मागा ना. तोंड शिवलंय का तुमचं?"

"मागतो गं. मालकांचा मूड बघून."

"त्यांचा मूड येईपर्यंत बोटं राहायची नाहीत."

एका दुपारी वेटर आजारी पडला आणि हॉल तर भरलेला. मालकांनी मला ओढून लांब्याच्या अंगावर चढवलं. काय सांगू, मी असा बसलो, जणू माप त्याचंच घेतलं होतं! बाह्या नेमक्या मनगटापर्यंत. आचारी ओरडला, "अरे, नवरदेव निघाला!"

त्याने नीट वाढलं. पण गिऱ्हाइकं उष्ट्या ताटल्या त्याच्या हातात देत आणि म्हणत, "जरा वेटरला पाठव." माझी बटणं, माझी इस्त्री कुणाच्या नजरेत भरलीच नाही. "मीच आहे, साहेब," तो हसून सांगे. मालक लांबून बघत होते.

गर्दी ओसरल्यावर त्याने धीर केला. "मालक, मला इकडेच ठेवाल का? हातांचं जरा..."

मालकांनी त्याच्याकडे न बघता माझी कॉलर चिमटीत धरली. "ठेवलं असतं रे. पण हा कोट तुला होत नाही."

"हो, खांद्यात जरा धरतोय," म्हणत लांब्याने मला उतरवलं. मी कुठेच धरत नव्हतो.

दाराआडून त्याची बायको फणकारली, "धडधडीत खोटं! आणि तुम्ही वर मान डोलावता?"

"काय बोलू? कोट त्यांचा."

पुढे मालकांचा भाचा कामाला आला. बुटका. माझ्या बाह्या त्याच्या बोटांखाली लोंबायला लागल्या. मालक हसले. "त्यात काय, कापून घेऊ." शिंप्याने कात्री चालवली.

आता मी झिजलोय. मोरीत भांडी वाजतात, मधेच कुणीतरी "स्स" करतं. एवढंच मागणं आहे: कुणाला नाही म्हणायचं, तर स्वतःच्या जिवावर म्हणा, माझं नाव पुढे करू नका. लांब्याने पुन्हा विचारलं, तर मालक पुन्हा तेच सांगतील. आणि या वेळी ते खरं असेल.