डाव्या कानाने ऐकलेला सूर

मी बोलतोय, एका गाणाऱ्या मुलीच्या डाव्या कानातला इअरफोन. दुकानात पाकिटात टांगलेले असतात तसला मी नाही. सोलमधल्या एका छोट्या दुकानात वान-रूच्या कानात मऊ लगदा भरून साचा काढला आणि त्यावरून मला घडवलं. म्हणून मी दुसऱ्या कोणाच्या कानात बसत नाही. उजवा माझा जोडीदार. तो आता दुसरीकडे असतो.

मला घडवणाऱ्याने विचारलं होतं, "वर नाव काय कोरू? स्टेजवरचं?"

"नको. आतल्या बाजूला हे एक अक्षर," ती म्हणाली आणि कागदावर आपल्या लिपीतलं 'रू' काढून दिलं.

"आत कोणाला दिसणार?"

"दिसायला कुठे हवंय?"

स्टेजवर ती हारिन होती. ते नाव कंपनीने दिलेलं. तैवानमधल्या च्यायी गावची लाई वान-रू सोलमध्ये फक्त माझ्या पोटात लिहिलेली होती.

च्यायीत तिच्या बाबांचं टर्कीभाताचं दुकान आहे. आठव्या वर्षापासून ती गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी आत ओरडून सांगायची. रस्त्यावर स्कूटरींचा गोंगाट, आत भांड्यांचा. त्यातून पार जायचं तर आवाज वर न्यावा लागतो, आणि तो फाटून चालत नाही. हे ती आधी शिकली, गाणं नंतर. सोळाव्या वर्षी सोलच्या एका गाण्याच्या कंपनीत तिची निवड झाली. मग तीन वर्षं शिकाऊ. दर महिनाअखेरीला परीक्षा, दर सोमवारी वजनकाटा. हे सगळं मी ऐकलेलं सांगतो, माझा जन्म त्यानंतरचा.

त्यांचा गट पाच जणींचा. गो सुल-आ त्यांची लीडर, वान-रूपेक्षा दोन वर्षांनी मोठी. दोघी एका खोलीत राहत. चारचौघांत सुल-आ तिला हारिन म्हणे, खोलीत वान-रू.

माझं काम सोपं होतं. पडद्यामागे मोक सर बसत. कोणाच्या कानात काय जायचं ते तेच ठरवत. ताल, साथ, आवाज, कधी त्यांची एखादी सूचना. एवढं नाचत पूर्ण गाणं कोणालाच झेपत नाही, म्हणून मागे आधी रेकॉर्ड केलेला आवाज वाजतो आणि मुली त्यावर गातात. तिकडे हे सगळेच करतात, सगळ्यांना माहीतही असतं.

गटाच्या दुसऱ्या वर्षी सुल-आच्या घशात गाठी आल्या. डॉक्टरांनी बोलायलाही बंदी केली. नवीन गाण्याचं रेकॉर्डिंग चार दिवसांवर होतं आणि त्यातला वरचा सूर, आठ मात्रा धरायचा, तिच्या वाट्याचा होता.

"हारिन, तू गाऊन दे," संगीतवाले साहेब म्हणाले. "एवढ्यापुरतं. स्टेजवर सुल-आच उभी राहील."

वान-रूने वळून विचारलं, "ताई, चालेल तुला?"

सुल-आने हातातल्या पाटीवर लिहिलं, 'माझ्यापेक्षा चांगलं गायलीस तर बघ.' आणि जीभ काढून दाखवली.

एवढ्यापुरतं ते राहिलं नाही. त्याला चाहत्यांची एक पद्धत कारण झाली. गाणं निघालं की कुठल्या जागी कोणाचं नाव ओरडायचं याची यादी निघते आणि सगळे ती पाठ करून येतात. वरच्या सुराच्या आधी हजारभर गळे एका तालात "गो सुल-आ" म्हणू लागले. नाव एकदा तिथे बसल्यावर ते काढायचं कोणी? घसा बरा झाला, पण सुल-आचा वरचा सूर परत आला नाही. पुढच्या प्रत्येक गाण्यात तीच वाटणी राहिली.

त्यामुळे मी एक विचित्र गोष्ट वर्षानुवर्षं ऐकली. माझ्यातून वान-रूला वान-रूचाच आवाज ऐकू यायचा आणि समोर सुल-आचे ओठ हलायचे. वान-रूच्या स्वतःच्या नावावर गाण्यातले पाच सेकंद होते. मला वाईट वाटलं असं म्हणणार नाही. माझ्या आत तारा आहेत, वाईट वाटायला जागा नाही.

रविवारी तालमीच्या मधल्या सुट्टीत बाबांचा फोन यायचा. तेव्हा मी तिच्या गळ्याशी लोंबत असे.

"जेवलीस?"

"जेवले."

"काय?"

"रताळं."

"त्याला जेवण म्हणतात होय?" मग ते विचारायचे, "तो वरचा आवाज तुझा ना?"

"नाही हो बाबा. लीडरचा आहे."

"आठ वर्षं तुझ्या आवाजावर भात वाढलाय मी. मला शिकवतेस?"

सहाव्या वर्षाच्या शेवटी मॅनेजरने तिला बाजूला घेतलं. करार सात वर्षांचा होता. "हारिन, राग मानू नकोस. पाच सेकंद गाणाऱ्या मुलीचा करार कशाला वाढवायचा, असं वरचे विचारतात. तुझं काहीतरी लोकांना दिसू दे."

त्याच आठवड्यात टीव्हीवरच्या गाण्यांच्या कार्यक्रमात त्यांचा पहिल्यांदा पहिला नंबर आला.

त्या कार्यक्रमात जिंकलेला गट तेच गाणं पुन्हा गातो, आणि त्या वेळी मागचा रेकॉर्ड केलेला आवाज काढून घेतात. हातात माइक आणि गळ्यात असेल तेवढं. लोक तो तुकडा पुन्हा पुन्हा बघतात आणि कोणाला खरंच गाता येतं याचा निकाल देतात. सहा वर्षं नंबर आला नव्हता, त्यामुळे ही वेळही आली नव्हती.

वरून रंगीत कागद पडत होते. सुल-आने सगळ्यांचे आभार मानले. माझ्यातून मोक सर म्हणाले, "अभिनंदन, पोरींनो. मागचा आवाज बंद करतोय." मग फक्त वान-रूच्या कानात त्यांनी सांगितलं, "हारिन, तुझा माइक पूर्ण उघडलाय. बघ तुझं तू."

गाणं वर चढू लागलं. वान-रूने मला कानातून काढलं आणि मी तिच्या खांद्यावर लोंबकळत राहिलो. लोकांचा आवाज ऐकायचा असला की ती मलाच काढायची. लोक म्हणाले, "गो सुल-आ!"

सुल-आने तोंड उघडलं. काही आलं नाही.

वान-रू दोन पावलं पुढे गेली. गळ्यात पडून रडायला जावं तशी तिने सुल-आला मिठी मारली. स्वतःचा माइक तिने सुल-आच्या पाठीमागे खाली सोडला, आणि तोंड सुल-आच्या माइकपाशी, तिच्या गालाआड लपवलं. सूर लागला. आठ मात्रा. मी दोघींच्या मध्ये चेंगरलो होतो, तो कुठून आला ते मला ठाऊक आहे. कॅमेऱ्याला कागद अडकलेली दोन डोकी दिसली. मोक सरांसमोर सुल-आच्याच माइकचा दिवा पेटला असणार. ते फक्त "बरं" म्हणाले, असं उजव्याने मला नंतर सांगितलं.

परतताना गाडीत सुल-आ म्हणाली, "डोकं फिरलंय का तुझं?"

"वजन वाढलंय तुझं, ताई. धरवत नव्हतं."

"तुझा करार..."

"माहितीये."

लोकांनी निकाल दिला. लीडर रडत रडतही किती खरं गाते, असं सगळ्यांनी लिहिलं. हारिनबद्दलही लिहिलं. तोंड दिसावं म्हणून मध्ये घुसली, म्हणे. सातवं वर्ष संपलं आणि बाकी चौघींचे करार वाढले. वान-रू निघाली तेव्हा सुल-आने तिच्याकडून उजवा मागून घेतला. तिच्या कानात तो बसत नाही. तरी घेतला.

मी आता च्यायीत, दुकानातल्या खिळ्याला टांगलेला असतो, ऑर्डरींच्या चिठ्ठ्यांशेजारी. भाताची वाफ अंगावर येते. वान-रू सकाळी शाळेत मुलांना गाणं शिकवते आणि दुपारी इथे असते.

मागच्या हिवाळ्यात एक मुलगी इथे जेवताना फोनवर तेच गाणं लावून बसली होती. वरचा सूर आला आणि बाबा हातातल्या झाऱ्यासकट म्हणाले, "हा माझ्या पोरीचा आवाज."

"काका, दर वेळी काय तेच?" मुलगी वैतागली. "तो सुल-आचा आहे. अख्ख्या जगाला माहितीये."

कोपऱ्यात टोपी आणि मास्क घातलेली एक बाई बसली होती. तिने मास्क काढला. मोडक्यातोडक्या चिनीत, जी तिला वान-रूनेच शिकवली होती, ती म्हणाली, "काका बरोबर बोलतात. मी गो सुल-आ. तो सूर माझा नाही. एकाही गाण्यातला नाही."

मुलीचा चमचा हातातच राहिला. मग तिला जे सगळ्यात अवघड वाटत होतं ते तिने विचारलं, "मग आम्ही तिथे काय ओरडायचं?"

"लाई वान-रू," सुल-आ म्हणाली. "तेवढंच लांब आहे. तालात बसतं."

मुलीने चमच्याने टेबलावर ताल धरून हळूच म्हणून पाहिलं. बसलं.

"आधी जेव," बाबा सुल-आला म्हणाले. "हाडं दिसतायत. अंडं घालू का?"

वान-रू दारातच उभी होती. ती कोणाकडेच बघत नव्हती. आत तोंड करून तिने ऑर्डर दिली, "एक मोठा भात, वर अंडं!" रस्त्यावरच्या स्कूटरींच्या वरून तो आवाज आत गेला. फाटला नाही.

घामाच्या मिठाने माझ्या तारा खाल्ल्यात. माझ्यातून आता काही ऐकू येत नाही. माझं मागणं एवढंच आहे. ते गाणं कधी तुमच्या कानावर पडलं, तर वरच्या सुराच्या आधी एक जागा येते. तिथे ते नाव म्हणा. मनातल्या मनात म्हटलंत तरी चालेल.