वरीलपैकी काहीही नाही

जेद्दाच्या जुन्या शहरातल्या निम्म्या लाकडी खिडक्यांना मुअल्लिम सिराजांचा रंधा लागलेला. सगळे सुतार त्यांना मानाने मुअल्लिम, म्हणजे उस्ताद, म्हणायचे. तरी त्यांना खिडकी दुरुस्त करता येते की नाही, हे सत्तराव्या वर्षी तीन दिवसांची कार्यशाळा ठरवणार होती. प्रमाणपत्र नाही तर हत्याराला हात लावायचा नाही, असा नवा नियम निघाला होता. आणि त्यांच्याच गल्लीत, वडिलांनी घडवलेला रोशन खिळखिळा होऊन लटकत होता. रविवारी त्याचं काम सुरू व्हायचं होतं. मुअल्लिम नापास झाले, तर भलताच कोणी येऊन त्याला स्क्रू ठोकणार होता.

रोशन म्हणजे भिंतीतून रस्त्यावर डोकावणारी जाळीची खिडकी. जेद्दातलं पोर आईनंतर हाच शब्द शिकत असेल.

प्रशिक्षक डॉक्टर निझार रियाधहून चार पेट्या घेऊन आले होते. एकाही पेटीत हातोडी नव्हती. पहिल्या दिवशी सगळे गोल बसून चेंडू फेकत होते; ज्याच्या हातात चेंडू, त्याने 'माझ्या आतली खिडकी' यावर बोलायचं. आपल्या आत सध्या फक्त नाश्त्याचा मुतब्बक पराठा आहे आणि तोही पचलेला नाही, असं मुअल्लिमांनी सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी आपापले विचार पिवळ्या चिठ्ठ्यांवर लिहून भिंतीला चिकटवायचे होते. समुद्राची दमट भिंत ती. दुपारपर्यंत सगळे विचार जमिनीवर.

तिसऱ्या दिवशी परीक्षा. दहावा प्रश्न चुकला की नापास. त्यात एका खिडकीचं चित्र होतं, आणि खिडकी नेमकी मुअल्लिमांच्या गल्लीतली. हिला काय म्हणतात? मश्रबिया, सज्जा, झरोका, की वरीलपैकी काहीही नाही? मुअल्लिमांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि शेवटच्या पर्यायावर खूण केली.

नापास.

डॉक्टर निझार अगदी गोड बोलले. फाइलमध्ये उत्तर 'मश्रबिया' आहे, फाइल वरून आली आहे, त्यांच्या हातात काही नाही. मात्र दहा मिनिटांत फेरपरीक्षा घेतो म्हणाले.

शेजारी मुअल्लिमांची मुलगी फायका बसली होती. दुरुस्तीचे नकाशे काढायची ती, त्यामुळे तिलाही हा चेंडूचा खेळ चुकला नव्हता. ती कुजबुजली, "बाबा, मश्रबियावर खूण करा ना. कैरोत म्हणतातच की तसं. एका खुणेपायी आजोबांचा रोशन दुसऱ्याच्या हातात द्यायचा?"

"आणि नाव चुकवून त्याच्यासमोर कुठल्या तोंडाने उभा राहू?"

तेवढ्यात एसी बंद पडला. ऑगस्टची दुपार, वीस माणसं, आणि चौऱ्याण्णव स्लाइड अजून शिल्लक. खोलीला ऐसपैस रोशन होता, पण मागच्या कार्यशाळेने त्याचं जतन केलं होतं, म्हणजे रंग फासून तो चिकटवून टाकला होता. डॉक्टरांनी खांदा लावला, गुडघा लावला. रोशन ढिम्म.

"सिराजकाका, जरा ही मश्रबिया उघडता का?"

मुअल्लिमांनी सगळीकडे नजर फिरवली. खुर्चीखालीसुद्धा वाकून पाहिलं. "मश्रबिया? इथे?"

"अहो, ही खिडकी."

"पर्याय चार होते, डॉक्टरसाहेब. त्यात 'ही खिडकी' नव्हतं."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. डॉक्टरांच्या नाकावरून घामाचा थेंब नेमका फाइलवर पडला. फायका प्रश्नपत्रिकेने वारा घालत होती, आणि तोही बापाला.

शेवटी डॉक्टर अगदी हळू म्हणाले, "रोशन. काका, रोशन उघडा."

मुअल्लिम उठले. रंगाच्या कडेने सुरी फिरवली, चौकटीला खालून दोन थापा दिल्या, आणि फळी लोण्यासारखी वर सरकली. समुद्राचा वारा आत घुसला. फायकाने उत्तरपत्रिका आणि पेन डॉक्टरांपुढे ठेवलं. त्यांनी दहाव्या प्रश्नाचे चारही पर्याय खोडले, 'रोशन' असं लिहिलं आणि सही केली.

शनिवारी सोनेरी शिक्क्याचं जाडजूड प्रमाणपत्र घरी आलं: 'मश्रबिया-दुरुस्तीत प्रावीण्य'. फायकाने कपाळावर हात मारला. मुअल्लिमांनी ते गुंडाळून खिशात ठेवलं.

रविवारी गल्लीतल्या पहारेकऱ्याने ते पाहून मान डोलावली आणि त्यांना शिडीवर चढू दिलं. संध्याकाळपर्यंत वडिलांचा रोशन सरळ झाला, फक्त एक फळी किंचित खडखडत होती. मुअल्लिमांनी खिशातून प्रमाणपत्र काढलं, चार घड्या घातल्या आणि फटीत दाबून बसवलं.

जाडी अगदी बरोबर निघाली.