उघडी काच

बाबा स्टुडिओतली मोठी लेन्स तळहाताच्या फोडासारखी जपत. तिच्या तोंडावर त्यांनी यूव्ही फिल्टरची राखणीची काच बसवली ती कायमचीच. धूळ नको, ओरखडा नको. धाकट्या लेकीच्या हाती कॅमेरा देतानाही एकच बजावत, "फिल्टरला हात लावायचा नाही."

नाचाच्या तालमीचे फोटो बघून धाकटीचं डोकंच फिरलं. मंचामागं झगझगीत दिवे होते. फोटोंत त्यांचे हिरवट ठिपके भलतीकडेच उमटले होते, आणि काळा पडदा राखेसारखा फिकट.

नर्तकीनं तिला फोनवरच फैलावर घेतलं. "माझ्या कपाळावर हे काय गोंदवलंय?"

"तुझा हात हलला असेल," बाबा म्हणाले.

"हात हलला तर फोटो पुसट येतो, बाबा. एकाचे दोन दिवे होत नाहीत."

तिनं कॅमेरा तिकाटण्यावर चढवला आणि टेबलावरच्या दिव्याचा फोटो काढला. त्यातही दिव्याचा दुसरा, हिरवट ठिपका उमटला. "उजेड लेन्समधून माघारी फिरतो, फिल्टरच्या सपाट काचेवर आपटून पुन्हा आत शिरतो. फिल्टर काढून दाखवू?"

"खबरदार! उन्हातान्हात कधी त्रास दिला नाही त्यानं."

"दिव्यांसमोर देतोय ना!"

"लेन्स माझी आहे."

"आणि बोलणी मी खाल्लीत."

नाचाच्या प्रयोगाला बाबा पहारा द्यायलाच आले. पडदा उघडायच्या आधी धाकटीनं फिल्टर फिरवला. तो घट्ट बसलेला. तिनं कडेला रबर गुंडाळलं आणि जोर लावला.

"अगं, काय करतेस!" पुढची माणसं मागं वळली.

"धरा," म्हणत तिनं निघालेला फिल्टर बाबांच्या हातात ठेवला आणि लेन्सला बाजूचा उजेड अडवणारं हूड लावलं.

दुसऱ्या नाचात नर्तकीनं ओंजळीनं पाणी उधळलं. चार थेंब लेन्सवर आले. बाबा ताडकन उठले. धाकटीनं मऊ फडक्यानं काच टिपली आणि पुन्हा डोळा लावला.

सकाळी फोटो संगणकाच्या पडद्यावर आले. काळोख कोळशासारखा, दिवे आपापल्या जागी, नर्तकीच्या गळ्यावरचा घामही लख्ख. बाबा मात्र टॉर्च लावून लेन्सवर ओरखडा शोधत बसले. सापडला नाही.

"नशीब," पुटपुटत त्यांनी फिल्टर परत लावायला घेतला. धाकटीनं लेन्स काढून घेतली.

"समुद्रावर वाळू उडेल तिथं मीच लावीन. दिव्यांसमोर नाही. आणि कुठं लावायचा ते यापुढं मी ठरवणार."

"ओरखडा पडला तर?"

"पडला तर पडला. माझ्या हातून पडेल."

बाबांनी फिल्टर डबीत टाकला, झाकण जरा जोरातच लावलं. धाकटीनं तिकडं लक्षच दिलं नाही. ती नर्तकीला फोन लावत होती.