तीन पायडलांचं मशीन

जितेंद्र मेश्राम एसटीत ड्रायव्हर होता. काटोल, नरखेड, सावनेर या रस्त्यांवरच त्याची सारी नोकरी झाली. मागच्या उन्हाळ्यात त्याला लकवा मारला. जीभ सुटली, पायही बराचसा परतला, पण उजवा हात लोंबकळतच राहिला. स्टिअरिंग सुटलं ते सुटलंच. दिवसभर तो समोरच्या खोलीत बसून असे आणि कोणी भेटायला आलं की डोळे मिटून घेई.

त्याची धाकटी बहीण कामिनी मागच्याच गल्लीत राहायची. कळमेश्वरच्या एमआयडीसीत मोटारींचे कंट्रोल पॅनल बनवणारा एक कारखाना आहे, तिथली वायरिंगची लाइन ती सांभाळायची. एका सुटीच्या दिवशी मिक्सर दुरुस्तीला टाकायला ती सदरच्या बाजारात गेली, आणि दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत तिला ते दिसलं. माणसाएवढं लाकडी कपाट, काचेमागे जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब, खाली एक दांडा आणि तीन बटणं. वर रिकामे खोके रचलेले.

"आधी इथं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं," दुकानाचे म्हातारे मालक दादाजी म्हणाले. "मोबाइल आले अन् पोरं गेली. हे एकच राहिलं."

"माहा भाऊ येत होता इथं. जितेंद्र."

"विमानवाला जितू?" दादाजी उठले आणि स्वतःच खोके उतरवू लागले. "घेऊन जा बाई. तसंही वाळवी खाऊन राहिली त्याले."

टेम्पो दारात थांबला तेव्हा जितेंद्रने एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"भंगार काहून आणलं वं?"

कामिनीने मशीन त्याच्या खुर्चीसमोरच उभं करवलं.

त्यानंतर कारखान्यातून आली की चहा घेऊन ती थेट भावाकडे यायची. वाळवीने पोखरलेला तळ कापून तिने नवीन प्लायवूड बसवलं. पिक्चर ट्यूबमध्ये बंद असतानाही जोराचा झटका साठून राहतो, म्हणून आधी तो उतरवला, मग मागच्या पट्टीवरचे सुटलेले सोल्डरचे टाके पुन्हा मारले. गेमच्या सर्किटची टोकं काळी पडली होती, ती शाळेतल्या खोडरबरने घासून काढली. पहिल्यांदा करंट दिला तर पडद्यावर नुसती एक आडवी पांढरी रेघ आली. पुन्हा उघडलं, फुगलेले कपॅसिटर बदलले, पुन्हा लावलं. या वेळी रेघ उघडली आणि तिच्यातून आभाळ, ढग आणि एक छोटं विमान बाहेर आलं.

"लाल रंग नाही येऊन राहिला," मागून जितेंद्र म्हणाला.

आपणहून बोललेलं त्याचं एवढं वाक्य घरात बऱ्याच दिवसांनी ऐकू आलं होतं. त्याची बायको शामला स्वयंपाकघरातून दारापर्यंत आली. कामिनीने लाल रंगाची सैल वायर घट्ट बसवली, आणि विमानाच्या शेपटीला आग लागली.

जितेंद्र उठला. डाव्या हाताने दांडा पकडला. उजवा हात कामिनीने उचलून बटणांवर ठेवला, पण बोटं घसरून खाली आली. तिने पुन्हा ठेवला. पडद्यावरचं विमान एकही गोळी न झाडता फुटलं. जितेंद्र आत गेला आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपला.

"राहू दे वं कामिनी," शामला हळूच म्हणाली. "त्यायले त्रास होते."

कामिनीही त्या दिवशी रडवेली होऊन घरी गेली. दुसऱ्या दिवशी कारखान्यात प्रेस मशीनवरचा माणूस दोन्ही हातांनी पत्रा धरून पायाने बटण दाबत होता. ती बघत उभी राहिली. हे मशीन ती रोज पाहत होती. भावाने सगळं आयुष्य पायांनीच तर गाडी हाकली होती.

साहेबांना विचारून तिने भंगारातले तीन पायडल घरी आणले. लोखंडी पाटीवर एसटीतल्या अंतरानेच बसवले आणि त्यांच्या वायरी बटणांना जोडल्या. समोर उंच स्टूल ठेवलं.

"डावीकडे क्लच, तो बॉम्ब. मधात ब्रेक, ती गोळी. उजवीकडे वेग."

"असं कुठं असते काय?"

"बसून तर पाह्य, दादा."

तो बसला. पहिलं विमान लगेच पडलं. दुसरंही पडलं. तिसऱ्या वेळी त्याने चपला काढल्या आणि अनवाणी तळवे पायडलांवर टेकवले. मग उजवं पाऊल दबलं. विमान ढगातून असं निघालं की शामलाच्या हातातली परात तशीच राहिली.

पुढे त्याला जेवायला बोलवावं लागे. खेळून खेळून ओढत चालणारा पाय उचलून पडू लागला.

एका रविवारी दुपारी दादाजी मशीन बघायला आले. शेजारपाजारचेही जमले, खोलीत जागा उरली नाही. जितेंद्र खेळत होता. एकेक टप्पा मागे टाकत विमान शेवटच्या किल्ल्यापाशी पोचलं.

"इथंच सगळे मरत होते," दादाजी कुजबुजले. "माह्या पार्लरात हा किल्ला कोणीच नाही तोडला."

किल्ल्यातून चारी बाजूंनी गोळे सुटले. जितेंद्रचा डावा हात दांड्यावर हलत होता, उजवा पाय ब्रेकवरून वेगावर, वेगावरून ब्रेकवर, डावा क्लचवर. घाम डोळ्यांत गेला तरी त्याने पुसला नाही. कामिनीला पडद्याकडे बघवेना. ती त्याच्या पायांकडेच बघत राहिली. घाटात गर्दीची गाडी उतरवताना जसे चालत असतील तसे ते शांतपणे, घाई न करता चालले होते.

मग पडदा पांढरा झाला. किल्ला कोसळला. खोलीत एवढा गलका झाला की रस्त्यावरचे लोक थांबले.

मशीनने नाव विचारलं. जितेंद्रने दांडा फिरवत आपल्या नावाची तीन अक्षरं टाकली, सगळ्यांत वर. मग स्टूलवरून उतरला आणि कुणाचाही हात न धरता बाजूला उभा राहिला.

"आता कोणाले हरायचं असन, त्यानं बसावं," तो म्हणाला.

कोणी पुढे होईना. शेवटी दादाजींनी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि स्टूलवर चढले.

"क्लच कोणता म्हणलं, जितू?" त्यांनी विचारलं, आणि जितेंद्र वाकून त्यांना दाखवू लागला.