मी बिघडलो नव्हतो!

मित्रांनो, मी एक जुना बिनतारी रेडिओ आहे आणि मला भयंकर राग आलेला आहे. गोड गोड गोष्ट हवी असेल तर त्या कोपऱ्यातल्या शिवणयंत्राकडे जा.

माझा जन्म दक्षिणेकडच्या एका कारखान्यात झाला. तिथून विमानाने मी या बर्फातल्या गावात आलो आणि सियासीच्या स्वयंपाकघरात फळीवर बसलो. गावात रेडिओ मीच एक. माझा जुळा भाऊ सियासीच्या नवऱ्याबरोबर, पुतुलिकबरोबर, सीलच्या शिकारीला तंबूत राहायचा. आम्ही दोघे भाऊ रोज नवरा-बायकोचं बोलणं करून द्यायचो. "मोज्यांना भोक पाडलंस ना पुन्हा?" सियासी विचारायची, आणि शेजारीपाजारी चहा पीत खुशाल मध्ये तोंड घालायचे. तेव्हा माझं काय कौतुक! धुळीचा कण लागू देत नसत.

पण सूर्यावर वादळ उठलं की आमची बोलती बंद. माझा आवाज आभाळातल्या उंच थरावर आपटून दूर पोहोचतो, आणि ही वादळं तो थरच नासवतात. मग नुसती खरखर. यात माझा काय दोष? तरी थपडा मलाच! सियासीची सासू अलाकू तेवढी समजूतदार. ती म्हणायची, "अगं, मारतेस कशाला त्याला? वर आभाळात रंगीत उजेड नाचतोय ना, ते आपले पूर्वज वॉलरसच्या डोक्याचा चेंडू करून खेळतायत. डाव संपला की बोलेल तो."

त्या वसंतात सूर्य असा खवळला की खरखर थांबेचना.

"मेल्या, नवऱ्याचा आवाज द्यायचा सोडून डोकं खातोस!" म्हणत सियासीने माझा खटका बंद केला.

"बंद नको करू गं," अलाकू म्हणाली.

"आई, बिघडलंय हे डबडं. हात लावू नका, आणखी बिघडेल." वर माझ्या डोक्यावर ओले हातमोजे वाळत घातले. डबडं म्हणे! मला!

वादळ शमलं. मला कुणी चालू केलं नाही. आणि तिकडे पुतुलिकचा पाय घसरगाडीखाली चिरडला. तो सरपटत तंबूत आला आणि हाका मारत राहिला. गाव तसं जवळ होतं. ऐकलं मात्र खूप लांबच्या एका तंबूतल्या लोकांनी. ते येईपर्यंत पाय गोठून काळा पडला होता. डॉक्टरांना तो कापावा लागला.

पुतुलिक कुबड्यांवर घरी आला.

"सियासी, किती हाका मारल्या तुला. ऐकू नाही आल्या?"

"रेडिओच बिघडला होता," ती सूप ढवळत म्हणाली. वर मान काही केली नाही.

खोटं! साफ खोटं! माझा नुसता जळफळाट झाला. पण बंद रेडिओ बोलणार कसा?

पुतुलिक फळीपाशी आला. त्याने हातमोजे बाजूला केले आणि खटका फिरवला. लांबच्या तंबूतल्या बाईचा आवाज लख्ख ऐकू आला, "पुतुलिक पोहोचला का घरी? कुणी ऐकतंय का?"

सियासीच्या हातातला डाव थांबला. पुतुलिक तिच्याकडे बघत राहिला. शेवटी अलाकूनेच उठून उत्तर दिलं, "पोहोचला."

मित्रांनो, खरखरीचा वैताग येतो, मान्य. पण खटक्याला हात लावू नका. पलीकडे कुणीतरी हाका मारत असतं, आणि तुम्ही कंटाळलात हे त्याला माहीत नसतं.