घरातला आवाज

माइकमधून येणारा आवाज फार अशक्त असतो. त्याला मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर त्यात पदरचं काही ना काही मिसळतोच. या मिसळीला डिस्टॉर्शन म्हणतात, आणि काटेबाईचा तिच्यावर दात होता. ती स्टुडिओची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत डिझायनर. डिस्टॉर्शन मोजणाऱ्या मीटरच्या काट्यावरून नजर हलवत नाही म्हणून सहकाऱ्यांनी तिला हे नाव ठेवलेलं. वरवर ती चिडायची. खरं तर तिला ते आवडायचं.

कंपनीत तडजोडी कराव्या लागत, म्हणून घरच्या मागच्या खोलीत तिने स्वतःच्या मनासारखा एक अ‍ॅम्प्लिफायर बांधायला घेतला होता. वर्षं लोटली, तो काही पुरा होईना. मग तिच्या दादाच्या घशात गाठ निघाली. दादा रेडिओवर बातम्या वाचायचा. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्रच काढावं लागेल.

"ह्यांच्या बातम्या ढीगभर आहेत गं," वहिनी म्हणाली. "पण तो आवाज रेडिओचा. पोरीसाठी घरातला हवा. फोनवर घेऊन ठेवू का थोडा?"

"फोनवर? त्या डबड्यावर?" काटेबाई उखडलीच. "मी घेते. माझ्या अ‍ॅम्प्लिफायरवर. तोवर त्याला घसा जपू दे."

वहिनीने बिचारीने फोन परत पिशवीत टाकला. विषय आवाजाचा निघाला की काटेबाईपुढे कुणाची टाप नसे. दर आठवड्याला ती 'झालंच आता' म्हणायची, आणि दर आठवड्याला काटा अजून थोडा खाली यायचा बाकी असायचा. शेवटी एकदाचा तो पार तळाला टेकला, म्हणजे मिसळ जवळजवळ शून्य. ऑपरेशन दुसऱ्याच दिवशी होतं.

त्याच सकाळी वहिनी दादाला काटेबाईकडे सोडून हॉस्पिटलचं सामान आणायला गेली. दादा माइकसमोर बसला. आवाज बसलेला, पण अजून त्याचाच होता.

"बोलू का?"

"थांब, एकदा तपासते."

तिने माइक काढून तिथे जनरेटर जोडला. चाचणीसाठी एकच शुद्ध सूर सोडणारा तो डबा. काटा तळालाच. मग तिने इनपुटच्या दोन वायरींची अदलाबदल केली. ही तपासणी कंपनीतल्या प्रत्येक नवख्याला ती पहिल्याच दिवशी शिकवायची. घरी मात्र रीडिंग इतकं देखणं येत गेलं, की तिला स्वतःला या तपासणीची गरज वाटली नव्हती.

काटा उसळला.

जनरेटरचा सूर शुद्ध नव्हताच. त्यात थोडा मळ होता, अ‍ॅम्प्लिफायरमध्येही होता, आणि दोन्ही मळ एकमेकांना खोडून काढत होते. वायरी उलटल्या आणि त्यांची बेरीज झाली. इतकी वर्षं ती अ‍ॅम्प्लिफायर स्वच्छ करत नव्हती. त्याचा मळ त्या एका जनरेटरच्या मापाने बेतत होती.

"काय गं, भूत बघितलंस?"

"दोन मिनिटं दे, दादा."

"माणसाच्या कानाला कळतं का ते?"

"मला कळतं."

ती सोल्डरिंगची गन घेऊन बसली. एक पार्ट काढ, दुसरा लाव, पुन्हा काटा बघ. दादा रिकामा बसेल तर शपथ. पोर तान्ही असताना तिला पोटावर घेऊन तो हवामानाचा अंदाज वाचून दाखवायचा आणि 'मुसळधार' म्हटलं की ती खुदकन हसायची, ते त्याने साभिनय सांगितलं. वहिनीच्या रागावण्याची नक्कल केली. पोरीला झोपवायचं गाणं, चाल विसरल्यामुळे भलत्याच चालीत म्हटलं.

"गप बस ना दादा! माझी आकडेमोड चुकते."

तो हसला आणि पुन्हा सुरू झाला. तिने पुन्हा दटावलं. दुपारी त्याला खोकल्याची उबळ आली ती थांबेचना. पाणी दिलं, वाफ दिली. काटा अजून अर्ध्यावरच होता. तेव्हा कुठे तिने सगळं बाजूला सारलं, जनरेटर काढून माइक लावला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

"बोल, दादा. जसा आहे तसा घेते. बोल."

दादाने तोंड उघडलं. नुसती हवा आली. त्याने खाकरून पुन्हा प्रयत्न केला, मग पाणी पिऊन पुन्हा एकदा. मग खांदे उडवून तिच्या डोक्यावर टपली मारली.

वहिनी आली ती पिशव्या खाली ठेवतच म्हणाली, "झालं ना सगळं? सकाळपासून बसलात म्हणजे भरपूर बोलले असतील."

"भरपूर बोलला," काटेबाई म्हणाली. "तुझी नक्कल केली, पोरीचं गाणं म्हटलं. रेकॉर्डिंग चालू नव्हतं, वहिनी. मी त्याला गप बस म्हणत होते."

वहिनीने दादाकडे पाहिलं. तो काहीतरी म्हणाला. दोघींनाही ऐकू आलं नाही.