बिनउंबरठ्याची खोली

ताई शिवणकाम करायची आणि गिऱ्हाइकाकडे नुसतं बघून माप सांगायची. आठ वर्षांपूर्वी चाकाची खुर्ची आली, तिचंही माप तोंडपाठ: रुंदी साडेपंचवीस इंच. राहायला मात्र भावाकडे, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टचा पत्ता नाही. खाली उतरायचं तर भाऊ आणि शेजारचा पहिलवान तिला खुर्चीसकट उचलणार. म्हणजे आधी दोघांच्या वेळा जुळवा, मग कुठे, कशाला, किती वेळ ते सगळं सांगा. भाऊ जीव लावणारा, त्यात वाद नाही. पण चार बटणं आणायला दोन पुरुषांची सभा भरवायची, याचा तिला अगदी वीट आला होता.

म्हणून भाड्याचं घर शोधणं सुरू झालं, आणि एजंट तिच्या आयुष्यात आला. माणूस गोड, पण पायऱ्या काही त्याला दिसायच्या नाहीत. फोनवर विचारावं, "पायऱ्या किती?" तर छातीठोकपणे, "एकही नाही." जाऊन बघावं तर तीन.

"मग या काय आहेत?"

"या होय? या तर दाराला असतातच, ताई."

एका घराला पाच निघाल्या, तेव्हा मोजून तो स्वतःच चाट पडला. भाऊ चिडायचा. ताई खुर्चीत हसून हसून बेजार व्हायची.

बारावं घर बेकरीवाल्या काकूंचं. काकू आधीच ओशाळलेल्या. "लपवाछपवी नको, आधीच सांगते. हे पूर्वीचं पिठाचं गोदाम. पोत्यांच्या ढकलगाड्या आत यायच्या, म्हणून उंबरठाच ठेवला नाही बघा. तेवढी एक उणीव आहे."

ताईने भावाकडे पाहिलं, भावाने एजंटकडे. एजंट म्हणाला, "मी म्हणतच होतो." ताई रस्त्यावरून सरळ आत गेली. वळली, बाहेर आली. पुन्हा आत. सहाव्या फेरीला काकूंनी भावाला हळूच विचारलं, "बऱ्या आहेत ना या?"

मग बाथरूम. ते मागाहून काढलेलं, त्याच्या दारात खुर्ची गच्च अडकली. ताईने टेप लावली: पंचवीस. अर्ध्या इंचाने घात केला. एजंट म्हणाला, "जवळजवळ जातेय की." काकू म्हणाल्या, भिंत जुनी आहे, चौकट फोडू देणार नाही. भाऊ म्हणाला, "जाऊ दे, आपलं घर आहेच." हे तो मायेनेच म्हणाला, पण आज परत वर गेलो तर हा पुन्हा घर शोधायला निघणार नाही, हे ती ओळखून होती.

ती दाराकडे बघत बसली. ब्लाउज दाटला तर ती कधी घाईने कापड कापायची नाही, आधी अस्तर उसवून बघायची. तिने उघड्या दाराच्या कडेला टेप लावली. जाडी दीड इंच, आणि ती सगळी वाटेत उभी.

"काकू, चौकटीला हात लावत नाही. नुसतं दार बिजागरीतून काढलं तर?"

"अगं बाई, बाथरूमला दार नाही? लोक काय म्हणतील?"

"लोकांना बाथरूममध्ये बोलावतंय कोण? जाड दुहेरी पडदा शिवते. दार जपून ठेवा, सोडून जाताना बसवून देईन."

काकूंनी क्षणभर विचार केला आणि स्वतःच स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आल्या. भावाने दार उतरवलं. साडेसव्वीस! ताई आत गेली ती बाहेर येईना, जागच्या जागी गोल फिरत नुसती हसत सुटली. काकूंनाही हसू आवरेना, आणि का हसतोय ते त्यांना सांगता येईना.

राहायला गेली त्याच्या दुसऱ्याच सकाळी भाऊ बघायला आला, तर दाराला कुलूप. त्याने घाबरून फोन लावला.

"कुठे आहेस?"

"बाहेर."

"बाहेर म्हणजे? कोणाबरोबर?"

"कोणाबरोबर नाही."

"अगं, पण चाललीस कुठे?"

ताई चौकात थांबली. एक रस्ता डावीकडे जात होता, एक उजवीकडे, आणि दोन्हींकडे तिचं काहीच काम नव्हतं.

"ते अजून ठरवलं नाही रे," ती म्हणाली.

पलीकडे भावाने नाक ओढलं.

"बरं," तो म्हणाला. "सावकाश ठरव."